शातिलीत, लग्नाआधीच्या रात्रींच्या शोधात

जॉर्जियातल्या दात्विसज्वारीच्या खिंडीत, २६७६ मीटरवर, गाडीतून पाय खाली टाकला आणि दात वाजायला लागले. पलीकडे उतरणारा रस्ता शातिली या गावाचा. हिवाळ्यात तो बंदच असतो. संध्याकाळी एका वळणावर एकमेकांना खेटून उभे असलेले दगडी बुरूज दिसले आणि मी बोलायचंच विसरले.

मला इथे ओढून आणलं ते 'स्त्सोर्प्रोबा'ने. खेव्सुरेती या इथल्या डोंगराळ भागातल्या तरुण-तरुणींच्या जवळिकीची ही जुनी रीत. शब्दाच्या मुळाशी 'बरोबरीचे' हा अर्थ आहे. 'एल्ची', म्हणजे मध्यस्थ, निरोप पोचवायची. मग रात्री मुलगी मुलाशेजारी येऊन निजायची. गप्पा, मिठी, आणि त्यापुढे मर्यादा. मध्ये तलवार ठेवत, असंही सांगतात. गंमत म्हणजे या दोघांचं लग्न होणं शक्यच नव्हतं. एकाच समूहातली, म्हणजे भावंडांसारखी. आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची. इथे आपल्याच समूहातली मुलगी वर्ज्य. सोयरीक बाहेरच व्हायची. शेजारच्या प्शावीत याच रीतीला 'त्सात्सलोबा' म्हणत.

कथेला हे झेपत नाही, असं मला फार वाटतं. कथेला शेवट लागतो, आणि इथे तर कशाचाच शेवट गाठायचा नव्हता. लेखक अलेक्सांद्रे काझबेगी खेवी या डोंगरी भागातला, सरदार घराण्यातला, तरी काही वर्षं मेंढ्या राखलेला. डोंगर त्याच्या अंगात मुरलेला होता. पण त्याच्या 'खेविसबेरी गोचा' या कथेत (१८८४) ओनिसे मित्राच्याच बायकोवर, द्झिद्झियावर, जीव लावतो, त्या ओढीत पहारा सोडतो, शत्रू आत घुसतो आणि गावाचा प्रमुख गोचा पोटच्या मुलाला, या ओनिसेलाच, मारतो. वाचताना मी रडले होते. पण तिथे प्रेम म्हणजे गावावर ओढवलेलं संकट. मिखेइल जावाखिश्विली या लेखकाच्या 'तेत्री साकेलो'त (१९२६), म्हणजे 'पांढरी कॉलर'मध्ये, तर शहरी माणूस खेव्सुरांत येऊन पोचतो. आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो, आणि डोंगरातली मुलगी त्याच्या कथेतली नायिका होऊन बसते. तिच्या बरोबरीच्या मुलाची ती रात्र, जिच्यातून काहीच घडायचं नसतं, ती कुणी लिहावी?

आता विचारायला माणसंही थोडीच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत सत्तेने खेव्सुरांना खाली सपाट प्रदेशात हलवलं. गावं ओस पडली. काही कुटुंबं पुढे परतली.

मी उतरले होते त्या घरच्या बाईंनी कपाटातून आजीचा 'तालावारी' काढला. काळा लोकरी झगा, छातीवर रंगीत क्रूस भरलेले. एकेक टाका इतका बारीक की बोट फिरवायला भीती वाटावी. आजी लग्न होऊन दुसऱ्या दरीतून आली, एवढं त्या म्हणाल्या. त्याआधीच्या रात्रींबद्दल मी विचारलं नाही. त्यांनी झगा कितीतरी वेळ मांडीवर ठेवला आणि मग घडी घातली.