दोन किलो आठशे पन्नास ग्रॅम

गेल्या महिन्यात बिल्डिंगखालच्या कचऱ्याच्या मशीनने मला माझी लायकी दाखवली. तीही आकड्यात. २.८५.

झालं असं की जांगमा सुरू झाला. जांगमा म्हणजे कोरियातला पावसाळा, जूनअखेरीपासून साधारण महिनाभर. आपल्या चार महिन्यांपुढे चिल्लरच, पण दमटपणा असा की मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. एका सकाळी तूरडाळीचा डबा उघडला तर डाळ चालत होती. सोंडे. शेजारच्या पोह्यांना जाळी धरलेली. त्यामागे डांगराचं पीठ, कोणाबरोबर आलं होतं तेही आठवेना, आणि उघडल्या उघडल्या खवट वास. सगळं एका पिशवीत भरलं आणि खाली गेले.

ओला-सुका वेगळा करायला आपणही शिकलोय, त्याचं कौतुक सांगत नाही. पण इथे ओला कचरा तोलतात. मशीनला कार्ड दाखवायचं, झाकण उघडतं, आत टाकायचं, झाकण मिटतं आणि पडद्यावर वजन झळकतं. महिन्याची बेरीज मेंटेनन्सच्या बिलात येते. माझ्या पिशवीचे तीनशे-साडेतीनशे वॉन झाले असतील, म्हणजे आपले वीसेक रुपये. पैशाचं काही नाही हो. पण आकडा! आणि तो वाचायला नेमके आमचे वॉचमन-काका, क्योंगबी आजोशी, तिथे झाडू घेऊन उभे. पडद्याकडे बघून म्हणाले, "आइगो, आक्कावॉ." टाकताना जीव तुटतो ना, त्याला इथे हा एवढासा शब्द आहे. ते टोचून बोलले नव्हते. म्हणूनच जास्त लागलं.

वर येईपर्यंत माझा राग मशीनवर गेला होता. कारण या मशीनचे नियम ऐकाल तर डोकं धराल. कांद्या-लसणाची सालं ओल्या कचऱ्यात नाहीत. अंड्याची टरफलं नाहीत. हाडं नाहीत, शिंपल्या नाहीत, चहाचा चोथा नाही. फळांच्या मोठ्या बिया नाहीत, म्हणजे आंब्याची कोय गेली. गोचुजांगसारख्या, म्हणजे इथल्या आंबवलेल्या मिरचीच्या, खारट पेस्टही नाहीत, मिठामुळे. हे सगळं दुसऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी विकत घ्यायची. ढोबळ हिशोब असा की जनावराला जे खाता येणार नाही ते ओला कचरा नाही, कारण यातल्या बऱ्याच मालाचं पुढे पशुखाद्य आणि खत होतं. आलीस तेव्हा पहिल्या महिन्यात काय शिकलीस, असं कोणी विचारलं तर मी भाषा म्हणत नाही, कांद्याची सालं म्हणते. एकदा चहाचा चोथा टाकताना शेजारणीने हात धरला होता. आमच्याकडे तो गुलाबाला घालतात, हे वाक्य कोरियनमध्ये जुळवेपर्यंत ती निघून गेली.

हे एका दिवसात झालेलं नाही, तेही सांगायला हवं. कचऱ्याच्या विकतच्या पिशव्या १९९५ पासून आहेत. अन्न थेट जमिनीत गाडायला २००५ मध्ये बंदी आली. अन्नकचऱ्यातून निघणारं पाणी समुद्रात सोडायचं २०१३ मध्ये थांबलं, आणि जेवढं टाकाल तेवढे पैसे, हे त्याच सुमारास देशभर आलं. देश आपल्या महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश, त्यातही बराचसा डोंगर. टाकणार कुठे?

पण मग मला हेही म्हणायचंय की हॉटेलात न मागता सहा-सहा वाट्या पुढ्यात मांडणारे तुम्ही कोरियनच. निम्म्या तशाच परत जातात आणि उरलेलं पुन्हा वाढायला मनाई. तेव्हा कुठे जातो आक्कावॉ? आमच्या घरात शिळी पोळी कधी फेकलेली मी पाहिली नाही. कुस्करून फोडणीला, नाहीतर गुळातुपात लाडू. भात उरला तर फोडणीचा. वरण उरलं तर त्यात पीठ मळून धपाटे. आपल्याला कोणी शिकवायचं?

असं दोन दिवस मनात भांडले. तिसऱ्या दिवशी भांडी घासताना आठवलं, की साताऱ्याच्या घरी आमचं काही वाया जात नव्हतं, कारण ते घराबाहेर जात होतं. चार पोळ्या कामाच्या मावशी नेत, दोन गायीला, सोंडे झालेले तांदूळ अंगणात चिमण्यांना. तोलून बघायची वेळच आली नाही. इथे मावशी नाहीत, गाय नाही, आणि अकराव्या मजल्यावर चिमण्या येत नाहीत. इथे फक्त मशीन आहे.

शिवाय परदेशातला डाळीचा डबा हा नुसता डाळीचा डबा नसतो. विमानात बॅगेत तेवीस किलोच. कोण काय पाठवेल, परत कधी मिळेल, या धास्तीने माणूस साठवतो. खरं तर सोलच्या इतेवॉनमध्ये मशिदीजवळच्या दुकानांत तूरडाळ मिळते, आता ऑनलाइनही घरी येते. धास्ती संपलीय, सवय राहिलीय. तरी मी हे हावरटपणात मोजणार नाही. तुम्ही मोजा हवं तर.

तर ठरवलं, कपाट रिकामं होईपर्यंत दूध, अंडी, भाजी सोडून काही आणायचं नाही. ऑफिसात सांगितलं तर सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "नेंगपा!" म्हणजे फ्रिज खोदखोदून खाणं. त्यासाठीही शब्द आहे यांच्याकडे. मला वाटलं होतं मी काहीतरी शोध लावलाय.

कपाटातून निघालं ते असं: आईची भाजणी दीड किलो, मेतकूट, साबुदाणा दोन पुडे, चणाडाळ, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि गुळाची ढेप, पाट्यासारखी कडक. फ्रिजमध्ये गोचुजांगचा लाल डबा, अर्धा, आणि किमची, म्हणजे मीठ-मिरचीत आंबवलेला कोबी, इतकी आंबलेली की झाकण उघडताच नवरा खिडकी उघडायला जातो.

पहिल्याच दिवशी फजिती. साबुदाण्याची खिचडी तिळाच्या तेलात केली, वर गोचुजांग. गोचुजांगमध्ये चिकट तांदूळ असतो हे मला माहीत असूनही! कढईत जे तयार झालं त्याने वॉलपेपर चिकटला असता. खाल्ली. मशीनच्या भीतीने, दोघांनी, न बोलता.

पण किमचीचं थालीपीठ जमलं, आणि ते तुम्हालाही सांगते, कारण किमची आता आपल्याकडे मोठ्या शहरांत मिळते. जितकी जुनी तितकी चांगली. मुठीत दाबून रस काढायचा, पण टाकायचा नाही. पानं अगदी बारीक चिरायची, त्यात कांदा, आणि भाजणी त्या रसातच भिजवायची. पाणी थेंबभरही नको, मीठ नको, तिखट नको, सगळं किमचीत आहे. गोळा आधी घट्ट वाटतो, पण पाच मिनिटांत कोबी पाणी सोडतो आणि सैल पडतो, म्हणून भाजणीची एक मूठ मागे ठेवायची. ओल्या फडक्यावर थापून, भोकं पाडून, तेल सोडून झाकण. आधी धन्या-जिऱ्याचा वास येतो आणि मग मागून ती आंबट झणक. कडा कुरकुरीत, मध्ये लुसलुशीत. चतुर्थीला चालणार नाही, किमचीत बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी असते.

हे लोक जुन्या किमचीचं तेच करतात, गव्हाच्या पिठात घालून धिरडं, किमचीजॉन. माझं थालीपीठ त्याहून चांगलं झालं होतं. तटस्थपणे सांगतेय.

इथल्या लोकांना उरल्यासुरल्याचं वावडं नाही, उलट. सगळ्यांचं लाडकं बुदे-चिगे घ्या. कोरियन युद्धानंतरच्या टंचाईत अमेरिकन छावण्यांतून बाहेर येणारं डबाबंद मांस आणि सॉसेज किमचीबरोबर उकळून केलेली आमटी. सोलजवळच्या उइजॉन्गबू शहरात आज त्यासाठी हॉटेलांची अख्खी गल्ली आहे. उपासमारीतलं जेवण आता लोक रांग लावून खातात. आपल्या फोडणीच्या पोळीची गल्ली कुठे आहे, असा प्रश्न पडलाच.

थालीपिठं सहा झाली, तेव्हा दोन समोरच्या हाल्मोनींना, म्हणजे आजींना, नेऊन दिली. वय ऐंशीच्या पुढे, एकट्याच राहतात. एक तुकडा तोंडात टाकून त्यांनी विचारलं, पीठ कसलं? मला भाजणीला शब्द सापडेना, म्हणून डबाच नेऊन दाखवला. त्यांनी चिमूटभर तळहातावर घेतलं, नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "मिसुतकारू!" मिसुतकारू म्हणजे यांचं सातूचं पीठ. तांदूळ, बार्ली, सोयाबीन वगैरे भाजून दळलेलं, उन्हाळ्यात गार पाण्यात कालवून पितात. मी म्हटलं, नाही, हे आमचं, यात धने-जिरे आहेत. त्या म्हणाल्या, धान्य वेगवेगळं भाजायचं ना? हो. एकत्र भाजलं तर एखादं करपतं ना? हो. मग पुन्हा एकदा वास घेतला आणि डबा बंद करून माझ्या हातात दिला, जपून, दोन्ही हातांनी.

संध्याकाळी आईला फोनवर हे सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "बार्ली म्हणजे जवच ना गं?" आणि किती घालतात ते विचारून ठेव म्हणाली.

काल आजोशी खाली भेटले. मशीनवर ०.२ उमटलं होतं. त्यांनी पाहिलं नाही. मी जरा थांबूनही बघितलं.

वर आले तर दाराशी थालीपिठं नेलेला माझा डबा धुऊन ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी भलीमोठी काचेची बरणी. हाल्मोनींनी घरी केलेला मेसिलचा पाक, म्हणजे हिरव्या आंबट प्लमचा साखरेत मुरवलेला. दोन लिटर तरी असेल, आणि घरात गोड सरबत पिणारं कोणी नाही. आज आमसुलाच्या सारात गुळाऐवजी दोन चमचे घातला. नवरा म्हणाला, सार आज छान झालंय. मी काही बोलले नाही. अजून एक लिटर नऊशे तरी उरलाय.