डोलॉस

सकाळी बायबलमधलं पेत्राचं पहिलं पत्र वाचायला घेतलं आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच ओळीत अडकले. सगळं कपट टाकून द्या म्हणतो पेत्र. मराठीत कपट, मूळ ग्रीकमध्ये डोलॉस. कपट म्हटलं की मला सिरियलमधली सासू आठवते, आपण कुठे तसे, म्हणून इतकी वर्षं सरळ पुढे जायचे मी. पण डोलॉसचा एक जुना अर्थ आहे आमिष. होमरच्या ओडिसी या ग्रीक महाकाव्यात खडकावर बसलेला कोळी लांब काठीने माशांना जे टाकतो ते डोलॉस, आणि आत सैनिक लपवून ट्रॉय शहरात नेलेला तो लाकडी घोडा, तोही डोलॉसच.

आमिष काही खोटं नसतं ना, माशाला ते खरंच खाता येतं, फक्त आतला गळ दिसत नाही. हे डोक्यात आलं आणि पोटात कसंतरीच झालं, कारण रविवारी भावाला फोन केला होता. दहा मिनिटं त्याचं कौतुक केलं, तू होतास म्हणून आईचं सगळं नीट झालं, तुझ्याएवढा समजूतदार आपल्यात कोणी नाही वगैरे, आणि मग हळूच म्हटलं की त्या जागेच्या कागदावर तेवढी सही करून टाक. कौतुकातला शब्द न् शब्द खरा होता. पण सही नको असती तर मी तो फोन केला असता का? नसता केला.

पुढच्याच ओळीत पेत्र दुधाबद्दल बोलतो. आपल्या बायबलात निरं दूध आहे, ग्रीकमध्ये आडोलॉन, म्हणजे डोलॉस नसलेलं, बिनभेसळीचं. मराठीत कपट आणि निरं हे दोन वेगळेच शब्द पडले त्यामुळे हा धागा दिसतच नाही, याची मला फार हळहळ वाटते. इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या व्यवहाराच्या कागदांत धान्य शुद्ध आहे हे सांगायलाही हाच शब्द येतो. आणि बायबलमधल्याच दुसऱ्या एका पत्रात करिंथकरांना लिहिताना प्रेषित पौल म्हणतो आम्ही देवाच्या वचनात भेसळ करत नाही, तिथलं क्रियापद पण डोलॉसवरूनच. आमची आई दूध तापवलं की सायीवरूनच सांगायची आज पाणी घातलंय म्हणून. माझ्या बोलण्यावर कसली साय येत असेल.

मग बायबलच्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा २७ वा अध्याय काढला. याकोब आंधळ्या बापाला, इसाकाला, फसवून थोरल्या भावाचा, एसावाचा, आशीर्वाद घेतो ती गोष्ट. एसावाला इसाक सांगतो, तुझा भाऊ कपटाने येऊन तुझा आशीर्वाद घेऊन गेला, आणि मूळ हिब्रू असलं तरी तिथेही जुन्या ग्रीक भाषांतरात डोलॉस आहे. याच याकोबाला पुढे इस्राएल नाव मिळतं. आणि योहान १:४७ मध्ये येशू नथनेलाला येताना बघून म्हणतो, हा खरा इस्राएली, याच्यात डोलॉस नाही! याकोबाच्या वंशातला आणि डोलॉस नसलेला. किती प्रेमाने म्हटलं असेल ते.

दुपारी भावाला पुन्हा फोन लावला. सहीचं राहू दे म्हटलं, आधी तुला काय वाटतं ते सांग. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, ताई, मला ती जागा विकायची नाहीये.