‘पिल्लू खाईना झालंय बघा’ : आमची वाटचाल

बेळगावच्या वडगावातलं आमचं दुकान जुन्या माणसांना अजूनही ‘पेंडीचं दुकान’ म्हणूनच माहीत आहे. वडिलांनी ते 1986 साली सुरू केलं तेव्हा सरकी पेंड, शेंगपेंड, भुसा आणि चुणी एवढाच माल असायचा. गिऱ्हाईक म्हणजे शहरातले गवळी, यळ्ळूर-धामण्याकडचे शेतकरी आणि घरामागे एखादी म्हैस बांधणारे वडगाव-खासबागचे विणकर. उधारीची वही जाड आणि गल्ला हलका, असा धंदा. पुढे शहर पसरलं, गोठ्यांच्या जागी घरं उठली, विणकरांच्या म्हशी गेल्या. पेंडीची पोती उचलणारे हात दरवर्षी कमी व्हायला लागले.

त्याच सुमारास कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्यानं श्वानखाद्याची चार पोती आग्रहानं आमच्याकडं टाकली. वडील म्हणाले, “कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकायचा सोडून हे विकत कोण नेतंय रे?” सुरुवातीला नेलं ते कॅम्पातल्या लष्करी कुटुंबांनी आणि टिळकवाडीतल्या बंगल्यांनी. मग अनगोळ, शहापूर, हिंडलगा. आज पेंड फक्त जुन्या गिऱ्हाइकांसाठी एका कोपऱ्यात आहे, बाकी दुकान कुत्र्यामांजरांचं.

हा बदल सोपा वाटतो, पण गिऱ्हाईक बदललं तसा धंद्याचा स्वभावच बदलला. पेंड न्यायला येणारा माणूस ‘म्हैस खात नाही, दुसरी पेंड द्या’ असं सांगत कधी आला नाही. म्हशीनं वैरण टाकली की तो आधी तिच्या कानाला हात लावायचा, रवंथ चालू आहे का बघायचा, शेण बघायचा आणि मग डॉक्टरांना आणायचा. पिल्लाचा मालक मात्र थेट आमच्याकडं येतो. “पिल्लू खाईना झालंय बघा, दुसरं कायतरी द्या की.” कानडी गिऱ्हाईक असलं तर, “नायी मरी ऊटा माडंगिल्लरी.” तक्रार तीच. आणि या एका वाक्यावर हवा तेवढा माल खपतो. महागडं पाकीट, त्यावर ओतायचा रस्सा, भुकेचं टॉनिक, कॅल्शियमची बाटली, चघळायच्या कांड्या. टॉनिकात सुटणारा नफा खाद्यात कधीच सुटत नाही, हे या धंद्यातला कुणीही सांगेल.

आमच्या दुकानाला वळण लागलं ते पेंडीच्या काट्यामुळं. एका वहिनी झाकणाच्या बुट्टीत पिल्लू घेऊन आल्या होत्या, पांढरं स्पिट्झ. खात नाही म्हणून डोळ्यात पाणी. मी सहज बुट्टी काट्यावर ठेवली, मग रिकामी बुट्टी ठेवून वजा केली आणि आकडा त्यांच्या हातात दिला. पुढच्या रविवारी परत बोलावलं. वजन वाढलं होतं. खात नसलेलं पिल्लू वाढतंय कशावर, हा प्रश्न मग त्यांनाच पडला.

उत्तर घरातच होतं. सकाळी आज्जी चहात बुडवून खारी देते. मुलं शाळेला जाताना ग्लुकोज बिस्किटं देतात. वहिनी स्वतः ‘काहीच खाल्लं नाही बिचाऱ्यानं’ म्हणून तूप लावलेली चपाती दुधात कुस्करतात. काका रात्री जेवताना ताटातलं भरवतात. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला. चार महिने ओलांडलेल्या तीन किलोच्या पिल्लाला दिवसाला साधारण 320 कॅलरी लागतात. त्या तूप-चपातीनंच शंभराचा आकडा ओलांडला, चार बिस्किटांचे आणखी जवळपास शंभर. दूध, खारी आणि काकांचे घास धरले की पोट भरलंच. मग वाटीतल्या कोरड्या दाण्यांकडं ते कशाला बघेल? खाऊ, तुकडे, बक्षिसं असं वरचं सगळं मिळून दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडं जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. इथं ते साठ-सत्तर टक्क्यांवर गेलं होतं. वर पिल्लाला एक विद्या आली होती: वाटीकडं पाठ फिरवली की पाच माणसं धावत येतात, आणि प्रत्येकाच्या हातात आधीच्यापेक्षा चांगलं काहीतरी असतं.

तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही पिल्लांचं वजन फुकट करतो. वहीत लिहितो, मालकाला चिठ्ठी देतो. आधी वजन, मग प्रश्न, आणि विक्री सगळ्यात शेवटी. वडिलांना हे पटायला वेळ लागला. “काटा माल विकायला असतोय, पिल्लं मोजायला न्हवं,” असं ते म्हणायचे. पण रविवारी येणारी माणसंच पुढं महिन्याचं खाद्य कायमचं आमच्याकडून न्यायला लागली, तेव्हा त्यांनीच काट्याशेजारी आपली खुर्ची मांडली.

काट्यावर उभं राहून आम्ही जे सांगतो, ते थोडं इथंही सांगतो.

नवीन पिल्लू घरी आलं की पहिले एक-दोन दिवस कमी खातं. आई सुटली, भावंडं सुटली, वास बदलले. आठ आठवड्यांच्या आत आणलेलं असेल तर आणखी त्रास. आमच्याकडं पिल्लं कोल्हापूर, पुणे, गोवा, बेंगळुरू अशी कुठून कुठून येतात. जिथून आणलं तिथं जे खात होतं, तेच निदान आठवडाभराचं मागून आणा. आमच्याकडचं पाकीट त्यानंतर. बदल करायचा तो सात-दहा दिवसांत करायचा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण. एका रात्रीत पाकीट बदललं की जुलाब, जुलाब झाले की भूक गेली, भूक गेली की तिसरं पाकीट. या चक्रात सापडलेली माणसं आम्हाला दर आठवड्याला भेटतात.

वेळा ठरवा. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढं दोन वेळा. वाटी ठेवली की पंधरा-वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, गोंजारायचं नाही, ‘खा की रे सोन्या’ करायचं नाही. वेळ झाली की वाटी उचलायची, खाल्लं असो वा नसो. पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. तीन महिन्यांपुढचं, खेळतं, निरोगी पिल्लू दोन-तीन दिवसांत वळणावर येतं. अवघड जातं ते आज्जीला. तिला समजावायला मी बायकोला पुढं करतो.

पण हा नियम बारीक जातीच्या आणि अगदी लहान पिल्लांना लावायचा नाही, हे आम्ही ठासून सांगतो. शिहत्झू, टॉय पोमेरेनियन अशी पिल्लं थोडा वेळ उपाशी राहिली तरी रक्तातली साखर उतरते. पिल्लू लटपटतं, गुंगतं, झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळायचं आणि तसंच डॉक्टरांकडं पळायचं.

चव वाढवायला बाटली लागत नाही. कुत्र्याच्या जिभेवर चवीच्या कळ्या सुमारे 1700, माणसाच्या सुमारे 9000. त्याचं जेवण नाकानं ठरतं. दाण्यांवर कोमट पाणी घाला, पोळेल असं नको, आणि दहा मिनिटं ताटली झाका. झाकण काढलं की वास उठतो, आणि कोपऱ्यात तोंड घालून बसलेलं पिल्लूसुद्धा नाक वर करतं. लागलंच तर मीठ-मसाला न घातलेल्या चिकनचं चमचाभर पाणी. कांदा-लसूण घातलेला घरचा रस्सा नको, कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मनुके-द्राक्षं नकोत, चॉकलेट नको. शिजवलेली हाडं नकोत, ती चिरफळून आतड्यात रुततात. पाहुण्यांनी प्रेमानं चारलेला कुंदा, म्हणजे आमची खव्याची मिठाई, तर मुळीच नको, बेळगावात हेही सांगावं लागतं.

चौथ्या महिन्यापासून दुधाचे 28 दात पडायला लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत पक्के 42 येतात. या काळात पिल्लू वाटीपाशी येतं, एक दाणा उचलतं, टाकतं आणि निघून जातं. हा नखरा नसतो, हिरडी दुखत असते. दाणे भिजवून मऊ करा, विषय संपला.

कधी कारण इतकं बारीक असतं की घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. शहापूरच्या एका बीगल पिल्लाचं असंच झालं. पुढच्या खेपेला मालकाला त्याची वाटीच आणायला लावली. स्टीलची, खोल. पिल्लू खाली वाकलं की गळ्यातली पितळी घुंगरं वाटीच्या काठावर खणकन वाजायची. दचकून ते मागं सरायचं, परत यायचं, परत खणकन. घुंगरं काढली, उथळ ताटली दिली. दुकानातच त्यानं ताटली चाटून स्वच्छ केली. त्या दिवशीची आमची विक्री शून्य.

पावसाळ्याचं वेगळं. बेळगावचा पाऊस आणि त्यानंतरची ओल सगळ्यांनाच ठाऊक आहे. उघडलेल्या पोत्यातले दाणे ओल धरतात, त्यांच्यातल्या चरबीला खवट वास येतो. आपल्याला तो कळत नाही, पिल्लाला पाकीट उघडताच कळतो. म्हणून आम्ही सुटं विकणं बंद केलं. किलो-अर्धा किलो सुटं नेणारं गिऱ्हाईक तुटलं, पहिलं वर्ष जड गेलं. आता कंपनीची बंद लहान पाकिटं ठेवतो. किलोमागं महाग पडतात, वर 18 टक्के जीएसटी आहेच. ‘मूळ पाकिटासकट डब्यात ठेवा’ एवढं सांगून देतो.

2020 च्या टाळेबंदीत पशुखाद्याला परवानगी होती, त्यामुळं दुकान चालू राहिलं. त्या वर्षी घरोघरी पिल्लं आली आणि दिवसभर घरात बसलेली माणसं त्यांना दिवसभर भरवत राहिली. रविवारची रांग खऱ्या अर्थानं तेव्हा वाढली. बाकी सीमाभागातल्या धंद्याची दुखणी आहेतच. 2022 च्या डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद पेटला, बसगाड्या बंद झाल्या, कोल्हापूरचा माल वेळेवर येईना. 2024 ला दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नडचा नियम आला, पाटी परत रंगवली. रविवारची चिठ्ठी मात्र आधीपासूनच दोन्ही भाषांत आहे, कारण गिऱ्हाईक दोन्ही भाषांतलं आहे.

गोकाक-रायबागकडचे शेतकरी येतात ते मुधोळ जातीची पिल्लं घेऊन. आपल्याकडं ज्यांना कारवान म्हणतात, तीच. “मामा, बरगड्या दिसाय लागल्यात, खातच न्हाई.” वजन बघितलं तर वाढ बरोबर, चाल हलकी, डोळे चकचकीत. ही शिकारी, पळणारी जात, अंगावर चरबी न धरणारी. शेजाऱ्याच्या लॅब्राडॉरशी तुलना करून तिला लोणी चारायचं नसतं. लॅब्राडॉरची गोष्टच उलटी. साधारण चारांतल्या एका लॅब्राडॉरमध्ये खाण्याची ओढ वाढवणारा जनुकीय बदल असतो, असं 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून मुधोळ एक वेळ जेवला नाही तर मी घाबरत नाही, पण लॅब्राडॉरचं पिल्लू वाटीकडं बघेना असं कुणी सांगितलं की दुसरं काही न विचारता डॉक्टरांचा पत्ता देतो. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला वरून कॅल्शियम पाजू नका, हेही आम्ही सांगतो. चांगल्या पिल्लू-खाद्यात ते मोजून घातलेलं असतं, जास्त झालं की हाडांची वाढच बिघडते. बाटल्या आम्ही आता आत ठेवतो, डॉक्टरांची चिठ्ठी असेल तरच बाहेर काढतो.

सगळ्यात जड प्रसंग म्हणजे पिल्लू खरोखर आजारी असतं आणि मालक टॉनिक मागत असतो. खानापूर बाजूचे दोघे भाऊ मोटारसायकलवरून आले होते. पिल्लू पिशवीत. दोन दिवस खाल्लं नव्हतं, उलट्या होत होत्या आणि पिशवीतून रक्ताच्या जुलाबाचा तो ओळखीचा वास येत होता. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. लस? “देऊया म्हणालो होतो.” वजनबिजन काही केलं नाही, तसंच दवाखान्यात पाठवलं. सलाईनवर ते वाचलं. सगळी वाचत नाहीत. सहा ते आठ आठवड्यांत पहिली लस आणि सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, हे तक्ते आम्ही भिंतीवर लावलेत. जंतांचं औषधही वेळेवर द्यायचं असतं. पोट फुगलेलं, अंग वाळलेलं आणि खाणं नको म्हणणारं पिल्लू बहुतेक वेळा जंतांनी भरलेलं असतं. पाऊस उघडल्यावर गोचीड-तापाची कुत्री येतात, हिरड्या पांढऱ्या, अंग तापलेलं. कुत्र्याचं साधं तापमानच 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणून हात लावून ठरवू नका, थर्मामीटर वापरा.

आता खानापुरात दुसरा काटा ठेवतोय, महिन्यातून एका रविवारी. दोन्हीकडं नियम एकच. लसी पूर्ण न झालेलं पिल्लू जमिनीवर सोडायचं नाही, आपापल्या बुट्टीत किंवा टोपलीतच आणायचं. पार्व्होचा विषाणू साध्या पुसण्यानं मरत नाही, म्हणून प्रत्येक वजनानंतर आम्ही काटा ब्लीचच्या पाण्यानं पुसतो, त्याला वेळ लागतो, तेवढं थांबा. येताना त्याची रोजची वाटी आणि चालू पाकीट आणा. आणि घरात दिवसभर कोण काय देतं ते कागदावर लिहून आणा, आज्जीला विचारून.