ला पाल्माच्या शिखरावरून सूर्याचे फवारे

कॅनरी द्वीपसमूहातील ला पाल्मा बेटावर रोके दे लोस मुचाचोस शिखराकडे जाणारा वळणावळणांचा रस्ता दाट झाडीतून चढत जातो, मध्येच ढगांत शिरतो आणि सुमारे 2,400 मीटर उंचीवर ढगांच्याही वर, कोरड्या निळ्या आकाशाखाली बाहेर पडतो. ढग खालीच अडून राहतात आणि समुद्रावरून येणारा वारा फारशी खळबळ न करता वाहतो, म्हणूनच 2002 साली येथे स्वीडिश सौर दुर्बीण उभी राहिली. सुमारे एक मीटर व्यासाचे तिचे भिंग उंच मनोऱ्याच्या माथ्यावर आहे आणि तेथून खाली येणारी नळी निर्वात ठेवलेली असते, कारण आतली हवा तापली तर प्रतिमा थरथरू लागते.

एवढा खटाटोप स्पिक्यूलसाठी करावाच लागतो. सूर्याच्या वर्णगोलातून, म्हणजे दृश्य पृष्ठभागाच्या लगेच वर असलेल्या वायूच्या थरातून, उसळणारे वायूचे हे फवारे हजारो किलोमीटर उंच जातात, मात्र त्यांची रुंदी जेमतेम दोन-तीनशे किलोमीटर असते. पृथ्वीवरून पाहताना ती एका अंशाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी दिसते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले, ते केवळ डोळा दुर्बिणीला लावून, याचे मला फार अप्रूप वाटते.

सकाळी निरीक्षणकक्षात हायड्रोजनच्या 656.28 नॅनोमीटर तरंगलांबीवरील प्रतिमा पडद्यावर आली. सूर्याच्या कडेला फवाऱ्यांची दाटी होती. वाऱ्याने वाकलेल्या गवताच्या पात्यांसारखे ते एकमेकांवर कलले होते, आणि एकावर नजर ठेवावी तर काही मिनिटांत तो वर जाऊन पुन्हा खाली उतरत होता. मग निरीक्षकांनी गाळणी 0.1 नॅनोमीटरने निळ्या बाजूला सरकवली. तेथे सेकंदाला सुमारे 46 किलोमीटर वेगाने आपल्या दिशेने येणारा वायू उठून दिसतो. सूर्यबिंबावर, चुंबकीय क्षेत्र एकवटलेल्या जागांच्या आसपास, बारीक काळ्या रेघा, म्हणजे समोरून दिसणारे वेगवान फवारे, उमटत होत्या आणि मिनिटभरातच पुसल्या जात होत्या.

संथ फवाऱ्यांचे कारण बऱ्यापैकी उलगडले आहे: पृष्ठभागाखालील कंपने कललेल्या चुंबकीय रेषांवरून वर निसटतात आणि त्यांचे आघात-तरंग होऊन वायूला वर ढकलतात. वेगवान फवाऱ्यांचा दुसरा प्रकार 2007 मध्ये जपानच्या हिनोदे या सौर उपग्रहाच्या निरीक्षणांतून वेगळा ओळखला गेला, आणि त्यांच्या उगमाविषयी अजून वाद आहे. विरुद्ध ध्रुवांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना भिडून ते सुटतात, असे एक मत आहे. त्या प्रकारचे फवारे खाली न पडता विरून जातात असे आधी वाटले होते. पुढे नासाच्या आयरिस या सौर उपग्रहाने अतिनील प्रकाशात दाखवले की ते तापून तेथे दिसत राहतात आणि त्यांतील बरेच परतही येतात. म्हणूनच जमिनीवरची दुर्बीण आणि उपग्रह एकाच वेळी एकाच ठिकाणी रोखण्याचा येथे इतका आग्रह धरला जातो.

दुपारकडे जमीन तापली, प्रतिमेतल्या रेघा एकमेकींत मिसळू लागल्या आणि निरीक्षकांनी त्या दिवसाच्या नोंदी थांबवल्या.