खाडा

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आमच्या विभागात वाईट जातो. परीक्षा तोंडावर, हजेरीचे आकडे जुळत नाहीत, आणि त्या वर्षी भरीला नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, फाइल होती. मी एमबीएच्या मुलांना व्यवसाय नीती आणि सामाजिक उत्तरदायित्व शिकवते. हा विषय ज्याच्याकडे, त्याच्याच गळ्यात समान संधी कक्षही घालायचा, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. त्यामुळे सकाळी टेबलावर दोन कागद शेजारी-शेजारी पडले होते. एक, नॅकच्या सातव्या निकषासाठी विद्यार्थ्यांच्या विविधतेचा तक्ता. दुसरा, 75 टक्के हजेरी न भरलेल्या अकरा मुलांची डिफॉल्टर यादी.

तक्ता देखणा होता. एससी, एसटी, व्हीजे, एनटी, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, सगळे रकाने भरलेले. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी 2024 मध्ये सरकारनं माफ केली, त्यानंतर आमच्या वर्गात मुलीही वाढल्या होत्या. मी खूश होते, खोटं कशाला सांगू.

यादीतला सातव्या नंबरचा मुलगा अकराच्या सुमारास दारात येऊन उभा राहिला. बीड जिल्ह्यातला, वडवणीकडचा. तिसऱ्या बाकावर बसायचा, कधी बोलायचा नाही. हजेरी 52 टक्के. मी नेहमीच्या सुरात विचारलं, "एवढे दिवस कुठं होतास रे?"

"फडात होतो, मॅडम."

मला आधी कळलंच नाही. मग हात दिसले. उसाच्या पात्यानं कापलेल्या बारीक रेघा, त्यावर धरलेल्या काळ्या खपल्या.

त्याचे आईवडील दिवाळीनंतर बेळगावकडे तोडीला गेले होते. डिसेंबरच्या सुरुवातीला वडील डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना पडले आणि मनगट मोडलं. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार (मुकादम) आधीच देतो ती आगाऊ रक्कम, जोडीवर मिळते आणि फिटतेही जोडीच्या कामावरच. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. "माय एकटी पडली. उचल सव्वा लाखाची घेतलेली. मुकादम म्हनला, दुसरं मानूस आना." दुसरं माणूस म्हणजे हा. एक्केचाळीस दिवस त्यानं वडिलांची अर्धी बाजू धरली, मग चुलतभाऊ आला तेव्हा सुटला.

हे सगळं त्यानं रेल्वेचं टाइमटेबल सांगावं तसं सांगितलं. मग खिशातून पाकीट काढून विचारलं, "मॅडम, खाडा किती बसंल?"

'खाडा' हा शब्द मला ठाऊक होता, आणि तीच तर पंचाईत. नोव्हेंबरमध्ये मी त्याच वर्गात दोन तास खाड्यावरच शिकवलं होतं. काम चुकलं की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो, तो खाडा. ताप आला, पाळी आली, लेकरू आजारी पडलं, मुकादमाच्या वहीत सगळ्याचा खाडा. बीडमधल्या बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण 2019 मध्ये बाहेर आलं. सरकारच्या समितीनं जिल्ह्यातल्या 82 हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी केली, तर 13 हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्यामागच्या कारणांत खाड्याची धास्ती हेही एक, असं मीच फळ्यावर लिहिलं होतं.

त्या तासाला चर्चा चांगली रंगली होती. एक मुलगी म्हणाली, कारखान्यांनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक उत्तरदायित्वाच्या पैशातून, फडावर शौचालयं बांधावीत. मी कंपनी कायद्याचं कलम 135 काढलं: 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा नफा, यांतलं एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचे. पण हे कंपन्यांना. सहकारी साखर कारखाना कंपनी नसतो, त्याला हे कलम लागत नाही. मग मागच्या बाकावरून एकानं खरा प्रश्न टाकला: आपल्याच कामगारांच्या सोयीवर केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत ना? मग हे मजूर कारखान्याचे असतील तर शौचालय हे कर्तव्य, आणि नसतील तर तेच शौचालय समाजसेवा? वर्ग हसला. कारखान्यांचं म्हणणं नेमकं तेच असतं की हे मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. इतका नेमका प्रश्न मला बऱ्याच वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी त्या मुलाचं कौतुक केलं आणि तास संपवला. तिसऱ्या बाकावरचा गप्पच होता. मुकादमाची वही त्या वर्गात त्यानं एकट्यानं पाहिली असेल. त्याला बोलतं करावं असं मला सुचलं नाही.

"इथं खाडा नसतो," मी म्हणाले. "कंडोनेशन फी असते, कमी हजेरी माफ करून घ्यायची. पाचशे रुपये."

"आमच्याकडं हजार हाय. इथं स्वस्तंय."

तो टोमणा मारत नव्हता. नुसता हिशोब करत होता.

पण फी भरून भागणार नव्हतं. आमच्या नियमात सवलत आजारपणाला आहे, आणि तीही 60 टक्क्यांच्या वर. त्याखाली समितीची मर्जी. ऑफिसातले मामा चहा ठेवता ठेवता सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "मॅडम, मेडिकल आणायला सांगा की. सगळे तेच आणतात." खरंच होतं ते. यादीतल्या अकरांपैकी चौघांची कावीळ एकाच डॉक्टरच्या सहीनं बरी झाली होती. मुलगा मामांकडे बघत म्हणाला, "मला काय झालंय? झालंय बापाला." वडिलांच्या मनगटाचा एक्स-रे मात्र त्यानं आणला होता, प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून.

तीन वाजता समिती बसली. विभागप्रमुख वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "याला सोडलं तर उद्या चाळीस जण आपापली कहाणी घेऊन येतील. रोज सकाळी एसटीनं तासभर उभं राहून येणाऱ्या पोरांनी काय पाप केलंय?" हा मुद्दा खोटा नाही आणि माझ्याकडे त्याला तयार उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की खोटी कावीळ आपल्याला चालते आणि खरा एक्स-रे चालत नाही, हे मिनिट्समध्ये कुठल्या शब्दांत लिहू तेवढं सांगा. दोन मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं ते असं: बुडालेल्या तासांऐवजी तीन आठवडे सकाळी आठला जादा वर्ग, ते मी घ्यायचे, सगळे भरले तर परीक्षेला बसू द्यायचं. फी माफ करण्याचा अधिकार समितीला नाही. ती त्यानं त्याच संध्याकाळी भरली, शंभराच्या पाच नोटा.

जादा वर्गाला यादीतले आणखी दोघं आपणहून येऊन बसले. एक हॉटेलात रात्रपाळी करणारा, आणि एक मुलगी, तिचं कारण मी विचारलं नाही. एके दिवशी मी वडवणीच्या मुलाला उभं केलं आणि टनाचा हिशोब फळ्यावर मांडायला लावला. 2024 च्या जानेवारीतली 34 टक्के दरवाढ, मुकादमाचं कमिशन, वाढं (उसाचे शेंडे, जनावरांचा चारा) विकून येणारे वरचे पैसे, खाडे, सगळं. माझ्या नोव्हेंबरच्या स्लाइडमधल्या दोन गोष्टी चुकीच्या निघाल्या. मी त्या दुरुस्त केल्या.

मार्चमध्ये नॅकच्या फाइलवर शेवटचा हात फिरवताना विभागप्रमुख म्हणाले, "ते जादा वर्गाचं 'उत्तम उपक्रमां'त टाका. 'ऊसतोड कामगारांच्या पाल्यांसाठी विशेष मार्गदर्शन'. फोटो आहे ना? जिओ-टॅगवाला लागतो, जागेची नोंद असलेला."

फोटो कुणी काढलाच नव्हता. त्यांनी सुचवलं, त्या पोराला एक दिवस बोलावून घ्या, दोन मिनिटांचं तर काम आहे.

मी फोन लावला नाही. त्या पानावर शेवटी वृक्षारोपण गेलं.