चाई, कोड आणि केसाचं मूळ

‘डोक्यावर चाई पडलीय, आता कोपरावर पांढरा डाग दिसतोय. दोन्ही एकच का? की वाघोलीला राहायला आल्यापासून टँकरचं पाणी आहे, त्याचा हा परिणाम?’ पुण्यात हा प्रश्न सारखा कानावर येतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

पाण्याचं आधी. बोअरच्या जड पाण्यानं केस राठ होतात, मधूनच तुटतात. पण त्यानं चाई पडत नाही, कातडीचा रंगही जात नाही. सगळ्या डोक्यावरचे केस मुळासकट गळत असतील, तर दोन-तीन महिन्यांपूर्वीचं आठवा: डेंगी, टायफॉइड, बाळंतपण, उपाशी राहून केलेलं डाएट. ही गळती बहुधा 6 महिन्यांत आपोआप थांबते.

चाई आणि कोड मात्र खरोखरच सख्खी भावंडं. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते. चाईत केसाच्या मुळावर, कोडात रंग बनवणाऱ्या पेशींवर. म्हणून दोन्ही एकाच माणसाला होऊ शकतात, आणि दोन्हीत थायरॉइड तपासून घ्यावं. कोड शिवल्यानं लागत नाही. ते कुष्ठरोगाचं रूपही नाही. ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द घरात कुणी उच्चारू नये. डागावर स्पर्श कळत नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी, लगेच डॉक्टरांना दाखवा.

चाईचा चट्टा गुळगुळीत असतो. कडेला आखूड केस दिसतात, टोकाला जाड आणि बुडाशी बारीक. पापुद्रे, खाज, तुटके खुंट असतील, विशेषतः लहान मुलांत, तर तो बहुधा नायटा. त्याला पोटातून बुरशीचं औषध लागतं. एक-दोन लहान चट्टे असतील तर वर्षभरात केस बऱ्याचदा आपोआप येतात. नाहीतर चट्ट्यात ट्रायॅम्सिनोलोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात: मिलिलिटरमागे 2.5 ते 5 मिलिग्रॅम, एका जागी जेमतेम 0.1 मिलिलिटर, साधारण सेंटिमीटरभर अंतर सोडून, दर 4 ते 6 आठवड्यांनी. जास्त पडलं तर कातडीला खड्डा पडतो. लसूण किंवा जमालगोटा घासू नका. फोड येऊन वण झाला की मूळच मेलं, मग कुठलंच औषध चालत नाही. नवे केस आधी पांढरे येतात. घाबरू नका, बहुतेकदा पुढे काळे होतात.

कोडातही सगळं केसाच्या मुळावरच अवलंबून आहे. डाग उजेडात धरून त्यातली लव बघा. लव काळी असेल तर मुळाशी रंगपेशींचा साठा शिल्लक आहे. औषध लागू पडलं की याच लवेभोवती मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठतात, पसरतात, एकमेकांना मिळतात. म्हणून चेहरा लवकर भरतो. बोटांची टोकं आणि ओठ हट्टी, कारण तिथे लवच नाही. लव पांढरी झाली असेल तर नुसत्या औषधावर फार आशा ठेवू नये. डाग वर्षभर स्थिर असेल तर त्वचारोपणाचा विचार करता येतो.

टॅक्रोलिमस मलम (मोठ्यांना 0.1 टक्के, मुलांना 0.03) दिवसातून दोनदा, आणि जोडीला 311 नॅनोमीटरच्या नॅरोबँड अतिनील (यूव्ही-बी) किरणांचा शेक, आठवड्यातून 2 ते 3 वेळा, लागोपाठच्या दिवशी नाही. शेकल्यावर डाग फिकट गुलाबी झाला तर मात्रा बरोबर. दुसऱ्या दिवशी आग होत असेल तर पुढची कमी करायला सांगा. तीन महिन्यांच्या आत ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं बावचीच्या तेलानं. ते लावून एप्रिलच्या उन्हात गच्चीवर बसलं की भाजल्यासारखे फोड येतात, आणि जिथे फोड तिथे नवं कोड. परकराची करकचून बांधलेली नाडी, चपलेचा घासणारा पट्टाही हेच करतो. कपाळावर बरोबर टिकलीएवढाच पांढरा गोल दिसला, तर संशय टिकलीच्या गमावर घ्या. त्यात पॅरा-टर्शरी ब्युटाइल फिनॉल असू शकतं, ते रंगपेशी मारतं. चिकटवायची टिकली त्याच दिवशी बंद.

दूध, मासे, ताक, लिंबू सोडायची काही गरज नाही. त्यापेक्षा दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, डागाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. डॉक्टरांना ठिपके वाढले की नाही ते त्यातूनच कळतं.