ओळखायच्या का हो मगरी तुम्हाला?

वहिनी, परवा तलावपाळीवर फेरी मारताना तुम्ही विचारलंत, "भावजी, त्या मगरी तुम्हाला ओळखायच्या का हो?" दक्षिणेतल्या एका मगर-पैदास केंद्रात मी तीन वर्षं काढली हे सोसायटीत कळल्यापासून हा प्रश्न मला लिफ्टपासून सत्यनारायणाच्या प्रसादापर्यंत कुठेही गाठतो. परवा हातात भेळ होती, म्हणून नुसती मान हलवली. आता तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

मला नाही, बादलीला ओळखायच्या. पत्र्याच्या बादलीची कडी खणकली की आधी काहीच व्हायचं नाही. मग हौदात दोन नाकपुड्या वर यायच्या, त्यांच्यामागे दोन डोळे. बाकीचं दहा फुटी धूड पाण्याखालीच. खाणं आठवड्यातून एकदा, तरी तेवढ्यावर खणखणाट पक्का लक्षात.

तिथल्या जुन्या माणसाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, काठाला रोज एकाच वेळी एकाच जागी उभं राहायचं नाही. आठवडाभर पाळलं, मग आळस केला. नळी धुवायला रोज तोच कोपरा. एके दिवशी पोचलो तर एक मगर माझ्या आधीच तिथे हजर, काठापासून हातभर अंतरावर. केलं काहीच नाही. नुसती हजर! नळी तिथेच टाकून मी मागे सरकलो. ही ओळखच म्हणायची, पण तुम्हाला अपेक्षित होती तसली नव्हे.

लोक मगरीला मठ्ठ समजतात, कारण ती तासन् तास जबडा वासून पडलेली असते. ती भूक नव्हे. उन्हात डोकं फार तापू नये म्हणून ती तोंड उघडं ठेवते. अंगातली ऊब ती बाहेरून घेते, त्यासाठी अन्न जाळत नाही. म्हणून तर मोठी मगर काही महिने उपाशी काढू शकते. जबड्याच्या कडेला बारीक काळे ठिपके दिसतात ना, ते पाण्यातली हालचाल टिपतात. मिट्ट काळोखात पाण्याचा थेंब पडला तरी तिला कळतं.

काडीची गोष्ट तर तुमच्या नातवाला आवडेल. बगळ्यांचा घरटी बांधायचा हंगाम आला की काही मगरी नाकावर काड्या तोलून निश्चल पडतात. बगळा काडी उचलायला येतो आणि संपतो. चेन्नईजवळच्या मगर-बँक या मगर-संवर्धन केंद्रातल्या मगरींवरची ही नोंद २०१३ साली प्रसिद्ध झाली. हे खरंच आमिष की योगायोग, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मला विचाराल तर कोपऱ्यात माझ्या आधी हजर असलेली ती मगर आठवते.

आता अंडी. मादी खड्ड्यात साधारण पंचवीस-तीस घालते, आणि पिल्लू नर की मादी हे घरट्याचं तापमान ठरवतं: ३२.५ अंशांच्या आसपास नर, त्याहून थंड असेल तर माद्या. दोनेक महिन्यांनी पिल्लं अंड्याच्या आतूनच आवाज देऊ लागतात. आई ऐकून खड्डा उकरते आणि ज्या जबड्याने हाडं मोडते त्याच जबड्यात पिल्लांना अलगद घेऊन पाण्यात सोडते.

तो आवाज मी शिकलो होतो. कुंपणाबाहेरून घशातून "ऊंव, ऊंव" केलं की तीन-चार मोठ्या माद्या पाणी कापत काठाला यायच्या, पिल्लू कोणाचं याची विचारपूस न करता. त्यांना मी ओळखीचा नव्हतोच, पिल्लू होतो.

काल लिफ्टबाहेर तुमच्या आग्रहाखातर तोच आवाज काढून दाखवला, तर तुम्ही घाईघाईने दार लावलंत. "पुन्हा नको भावजी, बाळ आत्ताच झोपलंय."